थांबविलेली मोटार आणि कमरेचे शस्त्र

रस्त्याने जाणारी मोटार पोलिसाने थांबवावी, चालकाने परवाना दाखवावा, प्रसंगी दंड भरावा आणि दोघांनी आपापल्या वाटेने जावे, ही गोष्ट जगातील बहुतेक देशांत रोज घडते. तिच्यात इतिहास लिहिण्यासारखे काही असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही. परंतु त्या चालकाच्या कमरेला भरलेले पिस्तूल असेल, आणि ते बाळगण्याचा त्याला कायद्याने अधिकारही असेल, तर या साध्या प्रसंगाचे स्वरूप एकदम पालटते. हात कोठे ठेवायचे, गाडीतून उतरायचे की बसून राहायचे, शस्त्राचा उल्लेख करायचा की गप्प बसायचे, ते शस्त्र तोवर कोणाच्या ताब्यात राहायचे, या प्रत्येक गोष्टीचा निर्णय कोणीतरी करावा लागतो. आणि तो काही सेकंदांत करावा लागतो. हा निर्णय कोणाचा? अमेरिकेच्या संयुक्त राज्यांत सुमारे साठ वर्षे या प्रश्नाचा खल चालू आहे, आणि त्याची किंमत पोलीस व नागरिक या दोन्ही बाजूंच्या माणसांनी प्राणांनी मोजली आहे.

या प्रश्नाचे मूळ अमेरिकेच्या राज्यघटनेतच सापडते. १७९१ साली त्या घटनेला दहा दुरुस्त्या जोडण्यात आल्या. त्यांपैकी दुसरीने शस्त्र बाळगण्याच्या हक्काला संरक्षण दिले. चौथीने अवाजवी झडती व अटकाव यांपासून नागरिकाचे रक्षण केले. ज्या काळी ही कलमे लिहिली गेली त्या काळी घोडा आणि बग्गी हीच वाहने होती, आणि आज आपण ज्याला पोलीस दल म्हणतो तसे पगारी दल त्या देशात अस्तित्वात नव्हते. त्यामुळे ही दोन कलमे एका ठिकाणी, एका माणसाच्या बाबतीत, एकाच क्षणी समोरासमोर येतील अशी कल्पना त्या वेळी कोणाला येण्याचे कारण नव्हते. ती गाठ मोटारीने घालून दिली. १९२५ साली, दारूबंदीच्या अमदानीत, कॅरोल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, सबळ कारण असेल तर मोटारीची झडती वॉरंटावाचून घेता येईल. कारण वॉरंट आणीपर्यंत मोटार निघून गेलेली असेल. घराच्या उंबरठ्याला जो मान होता तो मोटारीच्या दाराला राहिला नाही, ही गोष्ट तेव्हाच स्पष्ट झाली.

तथापि हातात बंदूक असलेल्या नागरिकाने पोलिसाच्या अधिकाराला उघडपणे प्रश्न विचारण्याचा प्रसंग आला तो १९६६ च्या अखेरीस, कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी त्या वर्षाच्या ऑक्टोबरात ‘ब्लॅक पँथर’ पक्षाची स्थापना केली. पोलीस कृष्णवर्णीयांना वाटेत अडवून अपमानित करतात, मारझोड करतात, ही त्यांच्या वस्तीची जुनी तक्रार होती. न्यूटन याने कायद्याचा अभ्यास केला होता. भरलेली बंदूक उघडपणे हाती बाळगण्यास त्या वेळी कॅलिफोर्नियात मनाई नव्हती, आणि कामात अडथळा न आणता पोलिसाचे काम दुरून पाहणे हाही गुन्हा नव्हता. या दोन गोष्टी एकत्र करून पँथरांनी आपली गस्त सुरू केली. पोलिसाची गाडी कोणाला थांबवी तेव्हा हे तरुण योग्य अंतरावर बंदुका घेऊन उभे राहत आणि थांबविलेल्या माणसाला त्याचे कायदेशीर हक्क मोठ्याने सांगत.

पोलिसांच्या दृष्टीने ही स्थिती असह्य होती. डॉन मलफर्ड या आमदाराने सार्वजनिक जागी भरलेले शस्त्र बाळगण्यास बंदी करणारे विधेयक आणले. २ मे १९६७ रोजी सुमारे तीस पँथर त्याच्या निषेधार्थ शस्त्रांसह सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. परंतु त्यामुळे विधेयक थांबण्याऐवजी त्याला वेगच आला. जुलै १९६७ मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रीगन यांनी त्यावर सही केली. बंदुकीच्या हक्काचे पुरस्कर्ते म्हणून पुढे गाजलेल्या पक्षाच्या या नेत्याने केलेली ती सही होती, हे विसरून चालत नाही. शस्त्र कोणाच्या हाती आहे हे पाहून त्या काळी मते बदलत असत, एवढा बोध त्यातून निश्चित होतो.

त्याच वर्षीच्या २८ ऑक्टोबरच्या पहाटे ओकलंडमध्ये खुद्द न्यूटनची मोटार थांबविण्यात आली. त्या चकमकीत एक पोलीस अंमलदार मरण पावला, दुसरा जखमी झाला, आणि न्यूटनच्या पोटात गोळी लागली. पहिली गोळी कोणी झाडली याबद्दल दोन्ही पक्षांचे म्हणणे अखेरपर्यंत जुळले नाही. १९६८ साली न्यूटनला सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली, १९७० साली वरच्या न्यायालयाने ती रद्द केली, पुढच्या दोन सुनावण्यांत ज्यूरीचे एकमत होईना, आणि १९७१ च्या डिसेंबरात खटला काढून टाकण्यात आला. रस्त्याकडेला काही मिनिटांत घडलेल्या घटनेचा निर्णय चार वर्षे न्यायालयात बसून होऊ शकला नाही.

देशात असे वातावरण असताना १० जून १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टेरी विरुद्ध ओहायो या खटल्याचा निकाल दिला. प्रकरण १९६३ सालचे, क्लीव्हलँड शहरातले. मार्टिन मॅकफॅडन नावाच्या अनुभवी गुप्त पोलिसाने एका दुकानाच्या खिडकीसमोर दोन माणसांना पुनःपुन्हा येरझारा घालताना पाहिले. दरोड्याची तयारी असावी असा संशय येऊन त्याने त्यांना अडविले, अंगावरून हात फिरविला, आणि पिस्तुले सापडली. अटकेला पुरेसा पुरावा हाती नसताना ही चाचपणी घटनेला धरून होती काय, हा प्रश्न होता. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिलेल्या निकालाने होय असे उत्तर दिले. समोरचा माणूस सशस्त्र आहे आणि त्याच्यापासून या घटकेला धोका आहे असे मानण्यास वाजवी आधार असेल, तर पोलिसाला स्वतःच्या सुरक्षिततेसाठी त्याच्या कपड्यांवरून शस्त्रापुरती चाचपणी करता येईल, असे न्यायालयाने ठरविले. आठ न्यायाधीश या बाजूस होते. एकट्या न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी विरोधी मत नोंदविले. या निकालातील ‘सशस्त्र आणि धोकादायक’ हे दोन शब्द ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. त्या वेळी ते दोन निरनिराळे शब्द होते.

टेरी खटल्यातील माणसे पायी होती. हाच नियम मोटारीला लावण्याचे काम १९७७ साली झाले. फिलाडेल्फियात मुदत संपलेल्या नंबरपट्टीमुळे पोलिसांनी एक गाडी थांबविली आणि चालकाला खाली उतरण्यास सांगितले. तो उतरला तेव्हा त्याच्या जाकिटाखाली मोठा उंचवटा दिसला. चाचपणीत भरलेले रिव्हॉल्व्हर निघाले. उंचवटा दिसला तो उतरल्यावर. मग उतरायला सांगण्याचाच अधिकार पोलिसाला होता काय? पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स या निकालात न्यायालयाने म्हटले की, गाडी कायदेशीर कारणाने थांबविली असेल तर चालकाला उतरण्याचा हुकूम देण्यास वेगळ्या संशयाची गरज नाही. गाडीत बसलेल्या माणसाच्या हालचाली बाहेरच्या माणसाला दिसत नाहीत, आणि पोलिसांवरील गोळीबारापैकी जवळजवळ ३० टक्के प्रसंग असे गाडीपाशी जाताना घडतात, अशा एका पाहणीचा दाखला त्यात होता. चालकाला होणारा त्रास त्या मानाने किरकोळ ठरविण्यात आला. तीन न्यायाधीशांना हे पटले नाही. परंतु बहुमताचा निकाल कायदा झाला.

त्यानंतर एकेक पायरी चढत गेली. १९८३ च्या मिशिगन विरुद्ध लाँग या निकालाने शस्त्राचा वाजवी संशय असल्यास गाडीच्या आतील भागाचीही तपासणी करण्यास मुभा दिली. तेथे गाडीच्या तळाशी शिकारीचा सुरा दिसला होता. १९९७ च्या मेरीलँड विरुद्ध विल्सन या निकालाने चालकाबरोबर प्रवाशांनाही उतरविण्याचा अधिकार दिला. १९९४ या एका वर्षात वाहनांचा पाठलाग करताना व ती थांबविताना पोलिसांवर ५,७६२ हल्ले झाले आणि ११ पोलीस मारले गेले, हे आकडे सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांनी त्या निकालात नमूद केले आहेत. ते आकडे वाचले म्हणजे न्यायालयाचा कल पोलिसाकडे का झुकला हे समजते. अंधाऱ्या रस्त्यावर अनोळखी गाडीच्या खिडकीपाशी जाणाऱ्या माणसालाही घरी बायकामुले असतात. २००९ च्या ॲरिझोना विरुद्ध जॉन्सन या निकालाने, सशस्त्र व धोकादायक असल्याचा वाजवी संशय असेल तर प्रवाशाचीही चाचपणी करता येईल, असे एकमताने सांगितले. अशा रीतीने थांबविलेल्या गाडीभोवतीचा हुकूम चाळीस वर्षांत जवळजवळ सर्वस्वी पोलिसाच्या हाती आला.

परंतु याच चाळीस वर्षांत कायद्याचा दुसरा प्रवाह उलट दिशेने वाहत होता. १९८७ साली फ्लोरिडा राज्याने ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येक अर्जदाराला गुप्तपणे शस्त्र बाळगण्याचा परवाना दिलाच पाहिजे असा कायदा केला, आणि अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. २००८ च्या हेलर निकालाने शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. २०२२ च्या ब्रुएन निकालाने तो हक्क घराच्या उंबरठ्याबाहेरही नेला आणि न्यूयॉर्कचा शंभराहून अधिक वर्षांचा निर्बंध रद्द ठरविला. तोवर निम्म्याच्या आसपास राज्यांनी परवान्याची अटही काढून टाकली होती. आता अशी राज्ये निम्म्याहून अधिक झाली आहेत.

म्हणजे एकीकडे कायदा म्हणतो की शस्त्र बाळगणे हा सामान्य, सज्जन नागरिकाचा हक्क आहे. आणि दुसरीकडे तोच कायदा म्हणतो की शस्त्राचा संशय आला म्हणजे पोलिसाने सावध व्हावे, उतरवावे, चाचपावे. ही विसंगती २०१७ च्या जानेवारीत एका वरिष्ठ संघीय न्यायालयासमोर उघड झाली. वेस्ट व्हर्जिनियातील रॅन्सन गावी, गाडीत बसलेल्या एका माणसाने पिस्तूल भरून खिशात घातल्याचे निनावी निरोपावरून कळल्यामुळे पोलिसांनी पट्टा न बांधल्याच्या कारणावरून ती गाडी थांबविली. परवाना असेल तर त्या राज्यात असे पिस्तूल बाळगणे कायदेशीर होते, आणि त्या माणसाजवळ परवाना आहे की नाही हे पोलिसांना ठाऊक नव्हते. तरीही न्यायालयाच्या बहुमताने सांगितले की, सक्तीने थांबविलेल्या गाडीतील सशस्त्र माणूस हा त्या शस्त्रामुळेच पोलिसाच्या दृष्टीने धोकादायक ठरतो. शस्त्र कायदेशीर आहे की बेकायदा याने फरक पडत नाही. १९६८ साली जे दोन शब्द निरनिराळे होते ते त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात एक झाले. विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीशांचा आक्षेप नेमका येथेच होता: राज्याने जे करण्यास परवानगी दिली आहे तेच केल्याबद्दल नागरिकाला धोकादायक कसे मानायचे?

मग हातात हक्क असलेल्या, परंतु हुकूम दुसऱ्याचा असलेल्या या चालकाने काय करावे? शस्त्राबद्दल आपण होऊन सांगावे काय? याचे उत्तर राज्याची सीमा ओलांडताच बदलते. मिशिगनमध्ये परवानाधारकाने थांबविताच आपण होऊन सांगितले पाहिजे. ओहायोतही २०२२ च्या जूनपर्यंत तसेच बंधन होते. त्यानंतर पोलिसाने विचारले तरच सांगावे असा नियम झाला. मिनेसोटातही विचारल्यावरच सांगण्याचे बंधन आहे. म्हणजे बोलण्याचा किंवा न बोलण्याचा पहिला निर्णय विधिमंडळ आधीच करून ठेवते, आणि तो रस्त्यावर उभ्या असलेल्या दोघांनाही ठाऊक असेलच असे नाही.

याच मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहराजवळच्या फाल्कन हाइट्स या उपनगरात, ६ जुलै २०१६ रोजी संध्याकाळी एका पोलिसाने एक मोटार थांबविली. चालक बत्तीस वर्षांचा कृष्णवर्णी गृहस्थ होता. सेंट पॉलच्या एका शाळेत मुलांच्या जेवणाच्या व्यवस्थेवर तो कामाला होता. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. मागचा दिवा बंद असल्याचे कारण त्याला सांगण्यात आले. परंतु एका दरोड्यातील संशयिताशी त्याचे साम्य दिसते, असेही पोलिसाने आपल्या बिनतारी यंत्रावरून आधीच कळविले होते. पोलिसाने परवाना व विम्याचा कागद मागितला. चालकाने विमापत्र दिले आणि, कायद्याने बंधन नसताना, आपण होऊन नम्रपणे सांगितले की आपल्याजवळ शस्त्र आहे. त्याच्याजवळ शस्त्राचा रीतसर परवाना होता. पोलिसाने ते काढू नकोस म्हणून बजाविले. चालकाने आपण ते काढीत नसल्याचे सांगितले. आणि शस्त्राचा उल्लेख झाल्यापासून दहा सेकंदांच्या आत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. चालक मरण पावला. तो पिस्तुलाकडे हात नेत होता असे पोलिसाचे म्हणणे. तो मागितलेला परवाना काढीत होता असे शेजारी बसलेल्या मैत्रिणीचे म्हणणे. १६ जून २०१७ रोजी ज्यूरीने पोलिसाला निर्दोष ठरविले.

या घटनेत निर्णय कोणाच्या हाती होता याचा विचार केला तर मन सुन्न होते. परवाना काढ असा एक हुकूम होता. हात पुढे नेऊ नको असा दुसरा हुकूम होता. दोन्ही एकाच माणसाने एकाच मिनिटात दिले होते, आणि दोन्ही पाळणे एका माणसाला शक्य नव्हते. हुकूम देण्याचा अधिकार कायद्याने पोलिसाला दिला होता. परंतु शस्त्र असल्याचे कळल्यावर कोणता हुकूम कोणत्या क्रमाने द्यावा, हे मात्र कायद्याने ठरवून दिले नव्हते. ती रिकामी जागा भीतीने भरून काढली. चालकाने खरे सांगितले, आणि सांगितल्यामुळे त्याचा प्रत्येक पुढचा हावभाव धोक्याचा ठरला. कायदा पाळणाऱ्या माणसाला कायदा पाळल्याचा उपयोग झाला नाही, हे या प्रकरणातील खरे दुःख होय.

न्यायालयांनी पोलिसाच्या या अधिकाराला मर्यादा घातल्याच नाहीत असे नव्हे. २०१५ च्या रॉड्रिगेझ निकालाने, ज्या कामासाठी गाडी थांबविली ते काम संपल्यावर, वेगळ्या संशयावाचून, थोडा वेळही अधिक अडवून ठेवता येणार नाही, असे ठरविले. बळाच्या वापराबद्दल १९८९ च्या ग्रॅहॅम निकालाचा नियम असा की, घटनास्थळी असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेने त्या कृतीची पारख करावी. मागाहूनच्या शहाणपणाने करू नये. परंतु किती वेळाची पारख? काही न्यायालये शेवटचे दोन सेकंद पाहत. टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ २०१६ साली टोलच्या कारणावरून थांबविलेल्या एका गाडीच्या बाबतीत हा प्रश्न आला. गाडी हलू लागताच पोलिसाने तिच्या दाराच्या पायरीवर उडी घेतली आणि दोन गोळ्या झाडल्या, चालक मेला. १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की केवळ तो एक क्षण पाहून चालणार नाही. त्या क्षणापर्यंतची सारी हकीकत पाहिली पाहिजे. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिलेल्या या निकालाचे महत्त्व मोठे आहे. परंतु तोही मागाहून न्याय करण्यासाठी आहे. रस्त्यावरच्या त्या क्षणी उभ्या असलेल्या माणसाला तो वाचवीत नाही.

आपल्या देशाची स्थिती याहून भिन्न का, हेही पाहण्यासारखे आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने परकी सरकारने हिंदी प्रजेची शस्त्रे काढून घेतली, आणि त्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने वारंवार आवाज उठविला. १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला होता. स्वतंत्र भारताच्या घटनेत मात्र तो आला नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याची पद्धत कायम ठेवली, आणि शस्त्रधारी माणसाकडे परवाना मागण्याचा अधिकार पोलिसाला दिला. येथे शस्त्र हा अपवाद आहे. म्हणून प्रत्येक मोटारीपाशी जाताना पोलिसाच्या मनात पिस्तुलाचा विचार येत नाही. अमेरिकेत तो यावाच लागतो. त्या देशात ज्यांची मुले-नातवंडे गाडी चालवितात अशी मराठी घरे आज थोडी नाहीत. त्यांना हा फरक पुस्तकी वाटण्याचे कारण नाही.

या इतिहासातून एक गोष्ट निघते. हुकूम एकाकडे असणे हे बहुधा अटळ आहे. दोन सशस्त्र माणसांनी एकाच वेळी निर्णय करू लागावे हे कोणाच्याच हिताचे नाही, हे ओकलंडने दाखविले. परंतु ज्याच्याकडे हुकूम आहे त्याच्यावर तो हुकूम स्पष्ट, एकवाक्य आणि पाळता येण्याजोगा देण्याचे कर्तव्यही असले पाहिजे, हे फाल्कन हाइट्सने दाखविले. अधिकाराची व्याख्या न्यायालयांनी पन्नास वर्षे बारकाईने केली. कर्तव्याची तशी केली नाही.

ती करण्याचा एक लहान प्रयत्न टेक्सासने २०१७ साली केला. गाडी थांबविली गेल्यास दोघांनी कसे वागावे याचे शिक्षण नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना, गाडी शिकणाऱ्यांना आणि पोलिसांनाही द्यावे असा कायदा तेथे झाला. हात सुकाणूवर दिसतील असे ठेवावेत, विचारल्यावाचून खिशात हात घालू नये, पोलिसाने काय हवे ते एका वेळी एकच सांगावे, अशा गोष्टी ऐकण्यास साध्या वाटतात. त्या दोन्ही बाजूंना एकाच पाठात शिकविल्या गेल्या, तर काही सेकंदांच्या त्या निर्णयातला बराचसा भाग आधीच, शांतपणे, वर्गात बसून झालेला असेल. आणि रस्त्यावर भीतीसाठी फारशी जागा उरणार नाही.